डोकं गेलंय की वेळ झालीय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३३. १६ वर्षं क्लाइंबिंगच्या स्पर्धा: लीड, म्हणजे दोर स्वतः वर नेत उंच भिंत चढणं, आणि बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवरच्या अवघड चाली. त्यातली निम्मी वर्षं आंतरराष्ट्रीय पातळीवर. गेल्या दोन हंगामांत एकही फायनल नाही. उजव्या अनामिकेची पुली (कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी) दोनदा फाटली, दोन्ही वेळा बरी झाली. आणि आता लीडवर शेवटच्या क्विकड्रॉच्या (भिंतीवरच्या, दोर अडकवायच्या कडीच्या) वर दोन-तीन चाली गेलं की हात थबकतो, जो पूर्वी कधी थबकला नव्हता. तुम्ही विचारता, "माझं डोकं गेलंय का? की निवृत्तीची वेळ झालीय? आणि थांबलो तर उरतं काय?" शेवटी एक ओळ आहे: "शूज विकून टाकू का?"

शूजचं सगळ्यात शेवटी बोलू. तो प्रश्न तुम्हाला वाटतो तितका किरकोळ नाही.

हे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत आणि अडचण तिथूनच सुरू होते. पहिला प्रश्न भीतीचा आहे. तो तांत्रिक आहे आणि बहुतेक वेळा सुटतो. दुसरा निर्णयाचा आहे. तिसरा तुमच्या ओळखीचा आहे, तो सगळ्यात अवघड. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावू पाहताय: हात थबकतोय, म्हणजे वेळ झाली. घाबरतोय म्हणून थांबणं हे फुटकळ कारण आहे. पण भीती गेली म्हणून खेळत राहणं हेही तितकंच फुटकळ. दोन्ही गोष्टी सुट्या करून बघायला हव्यात.

माझ्याबद्दल एवढंच, की मी १२ वर्षं स्पर्धा केल्या, मग थांबले, आणि त्यानंतरची १८ वर्षं क्लाइंबर्सच्या मानसिक तयारीचं काम करते. मी तुम्हाला चढताना पाहिलेलं नाही. तुमच्या घरचं, पैशांचं, प्रायोजकांशी झालेल्या कराराचं मला काही माहीत नाही आणि या गोष्टींनी उत्तर खरोखर बदलतं. ज्याचं घर स्पर्धेच्या मानधनावर चालतं त्याला मी वेगळा सल्ला देते. तेव्हा खालचं वाचताना जे तुम्हाला लागू नाही ते बाजूला ठेवा.

आधी तो थबकणारा हात.

क्लाइंबरची भीती एका जातीची नसते. पडण्याची वेगळी, हरण्याची वेगळी, पुन्हा दुखापत होण्याची आणखी वेगळी. आतून तिघी सारख्याच वाटतात, बाहेरून मात्र वेगळ्या दिसतात. पडायला घाबरणारा माणूस होल्ड, म्हणजे भिंतीवरची पकड, गरजेपेक्षा जास्त आवळतो, श्वास धरून ठेवतो, नजर पुन्हा पुन्हा खाली शेवटच्या क्विकड्रॉकडे जाते, आणि पुढचा क्विकड्रॉ तो अडनिड्या जागेवरून, हात ताणून, घाईने क्लिप करतो. हरायला घाबरणारा जमिनीवरच ओळखू येतो. शूजचे बंद तीनदा बांधतो, हात चॉकच्या पिशवीत उगाच घोळवत राहतो, आणि भिंतीवर गेल्यावर एखादं कारण सापडलं की त्याचा चेहरा सैल होतो: होल्ड ओला होता, रूट (चढायची वाट) माझ्या उंचीला जमणारी नव्हती. दुखापतीची भीती एकाच हातात असते. बारीक काठावर बोटं क्रिम्पमध्ये, म्हणजे मुडपून घट्ट पकडीत, जायच्या ऐवजी आपोआप उघडी राहतात आणि वजन पूर्ण पडायच्या आधीच माणूस पुढची चाल घाईने उरकतो.

तुम्ही लिहिलंत "हात थबकतो". कोणता हात, ते लिहिलं नाहीत. मी समोर असते तर हेच आधी विचारलं असतं.

एक साधी चाचणी करा. तुमच्या सर्वोत्तम ग्रेडच्या (अवघडपणाच्या श्रेणीच्या) दोन पायऱ्या खालची, पाठ असलेली, बारीक काठांची एक रूट निवडा. पहिल्या दिवशी ती टॉपरोपवर, म्हणजे दोर आधीच वरून सोडलेला असताना, चढा. दुसऱ्या दिवशी लीड करा, खाली फक्त बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा. तिसऱ्या दिवशी लीड करा आणि तुम्हाला ओळखणाऱ्या पाच जणांना बघायला बोलवा, एकाच्या हातात फोनचा कॅमेरा चालू. हात टॉपरोपवरच थबकला तर प्रश्न बोटाचा आहे. दुसऱ्या दिवशी थबकला तर पडण्याचा. फक्त तिसऱ्या दिवशी थबकला तर तुम्ही हरायला घाबरताय, आणि मग फॉल प्रॅक्टिसचे कितीही तास घातले तरी काही हाती लागणार नाही. माझा अंदाज विचाराल तर पहिला आणि तिसरा दिवस. पण तो अंदाजच.

बोटाचा प्रश्न असेल तर बोटाला "आता बरं आहेस ना?" असं विचारत बसू नका, वजनकाट्याला विचारा. दोरीने काट्याला बांधलेला हाताएवढा लाकडी काठ बोटांनी ओढून दोन्ही हातांची ताकद मोजता येते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दर आठवड्याला आकडा लिहा. उजवा हात डाव्याच्या जवळ आला की डोक्याला धीर देण्यासाठी तुमच्याकडे एक आकडा असतो. "काही होत नाही रे" या वाक्यावर डोकं विश्वास ठेवत नाही आणि त्याचं बरोबरच आहे, कारण दोनदा झालंय.

पडण्याचा प्रश्न असेल तर पायरीपायरीने पडायचं. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर, जिथे खाली आपटायला काही नसेल. क्विकड्रॉ कमरेशी असताना हात सोडायचा, मग गुडघ्याशी असताना, मग पावलांशी. एका सत्रात पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. बिले देणारा कोण आहे यावर निम्मं काम अवलंबून आहे. झेल मऊ देणारा नसेल तर त्या दिवशी सराव करू नका. "एकदाच मोठा फॉल घे, भीती मोडेल" असं सांगणारे बरेच भेटतील. मी त्या एका फॉलनंतर वर्षभर लीड सोडून बसलेली माणसं पाहिली आहेत.

भीतीबद्दल आणखी एक. अनुभवी माणसाचा घात बहुतेक वेळा भीती करत नाही, उडालेलं लक्ष करतं. लिन हिल ही तिच्या काळातली अव्वल क्लाइंबर. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूच्या कड्यावर, बोलण्याच्या नादात तिची दोराची गाठ अर्धवट राहिली. वर पोचून तिने दोरावर भार टाकला आणि ती २० मीटरहून जास्त खाली आली. झाडाने धक्का सोसला म्हणून ती वाचली. ही गोष्ट मी निवृत्तीच्या उंबऱ्यावर असलेल्या प्रत्येकाला सांगते, कारण या काळात अंग भिंतीवर असतं आणि मन "पुढे काय"मध्ये. निर्णय होईपर्यंत प्रत्येक चढाईआधी जोडीदाराकडून गाठ आणि हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) तपासून घ्या, तोंडाने मोठ्याने बोलून. १६ वर्षांचा अनुभव असला तरी. अनुभव आहे म्हणूनच.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

लोकांना वाटतं अव्वल क्लाइंबरचं डोकं म्हणजे धाडस. तुम्हाला माहीत आहे, ते लक्ष असतं. आयसोलेशनमध्ये, म्हणजे भिंत दिसणार नाही अशा खोलीत, तासन्‌तास बसायचं, बाहेर कोण किती वर गेलं ते कळू द्यायचं नाही. मग रूट वाचायला सहा मिनिटं, मागे परत, आणि नाव पुकारलं की चढायला सहा मिनिटं. बोल्डरच्या फायनलला एका प्रॉब्लेमला, म्हणजे एका छोट्या रूटला, चार. त्या मिनिटांत जग आक्रसून एका पायाच्या होल्डएवढं होतं. दुखणारं बोट, मागच्या स्पर्धेतली चूक, प्रशिक्षकाचा चेहरा, सगळं बंद. आउटडोअरवाल्यांचं तेच, फक्त घड्याळ लांब. अ‍ॅडम ओंड्राने २०१७ मध्ये नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत 'सायलेन्स' ही जगातली पहिली ९सी (तोवरची सगळ्यात अवघड ग्रेड) रूट केली, त्याआधी तो जमिनीवर आडवा पडून, डोळे मिटून, एकेक चाल मनात आणि अंगात घोळवायचा. कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरच्या डॉन वॉल या रूटवर केविन जॉर्जसन १५व्या पिचवर (दोराच्या एका लांबीच्या टप्प्यावर) दिवसामागून दिवस पडत राहिला. बोटांची त्वचा भरून यायला विश्रांतीचे दिवस, पुन्हा प्रयत्न, पुन्हा पडणं. शेवटी ती पिच गेली आणि १४ जानेवारी २०१५ ला तो टॉमी कॉल्डवेलसोबत वर पोचला, निघाल्यापासून १९व्या दिवशी.

हे सगळं वाचून आपल्याला स्फुरण चढतं. मला यातली दुसरी बाजू दिसते. "पुरे" म्हणणारा आतला आवाज बंद करण्याचं प्रशिक्षण तुम्ही १६ वर्षं घेतलंय, आणि चांगलं घेतलंय, म्हणून तर तिथवर पोचलात. आता त्याच डोक्याला तुम्ही विचारताय, "पुरे झालं का?" त्याला ऐकूच येणार नाही. नाही तर उलट होतं. इतकी वर्षं दाबलेला आवाज एखाद्या वाईट स्पर्धेनंतर एकदम फुटतो आणि माणूस परतीच्या प्रवासातच निवृत्ती जाहीर करून टाकतो. तीन महिन्यांनी माझ्याकडे येतो.

म्हणून माझा एक नियम आहे. भिंतीवर, स्पर्धेच्या दिवशी किंवा त्यानंतरच्या दोन आठवड्यांत घेतलेला निवृत्तीचा कोणताही निर्णय धरायचा नाही, कुठल्याच बाजूचा. परत फिरणं हेही डोक्याचंच काम आहे. अ‍ॅलेक्स हॉनल्ड ३ जून २०१७ ला एल कॅपिटन दोराशिवाय चढला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या शरदात तो काही अंतर चढून, मन लागेना म्हणून, प्रयत्न सोडून परत आला होता. मला विचाराल तर त्याच्या डोक्याची खरी ताकद त्या दिवशी दिसली.

आणखी एक अट: भुकेल्या पोटी निर्णय नको. हे मी शब्दशः म्हणतेय. आपल्या खेळात वजन कमी ठेवण्याचं वेड किती खोल गेलंय ते तुम्हाला सांगायला नको. शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा सतत मिळत राहिली तर हाडं, संप्रेरकं, झोप, प्रतिकारशक्ती आणि मनाची उभारी सगळंच ढासळतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याला रेड-एस हे नाव दिलं. ऑलिंपिक विजेती क्लाइंबर यान्या गार्नब्रेट २०२३ मध्ये यावर जाहीरपणे आणि कडक बोलली, आणि २०२४ मध्ये क्लाइंबिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यासाठी तपासणीचं धोरण आणलं. पूर्वी हा विषय कुजबुजीतच राहायचा. "माझं डोकं गेलंय" म्हणत माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांचं डोकं जागेवर होतं. पोट रिकामं होतं आणि झोप तुटकी. तुमची पुली दोनदा फाटली म्हणता, तर खेळाडूंशी कामाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून एकदा या बाजूने तपासून घ्या. सहा आठवडे नीट जेवून, नीट झोपून मग हाच प्रश्न स्वतःला विचारा. कधीकधी प्रश्नच बदललेला असतो.

आता तिसरा प्रश्न. थांबलो तर उरतं काय?

बाकीच्या बहुतेक खेळांत शेवट कोणीतरी दुसरा करतो. क्लब करार वाढवत नाही, संघात नाव येत नाही, शेवटचा सामना होतो, मैदानाचं फाटक बंद होतं. आपल्याकडेही निवड थांबू शकते, पण खडक बंद होत नाही. तो उद्याही तिथेच असतो, तोच. आणि त्याला आकडा चिकटलेला असतो. माजी धावपटू सकाळी बागेत पळायला गेला तर त्याला कोणी वेळ विचारत नाही. तुम्ही मात्र सुट्टीतही कड्याखाली उभे राहिलात की गाईडबुकात लिहिलेलं असतं: ही ८सी. तुम्ही ती २५व्या वर्षी केली होती. आज ८बी जात नाही. स्वतःची घसरण इतक्या बारकाईने, अक्षरागणिक मोजून दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

त्यामुळे क्लाइंबर निवृत्त होतो म्हणजे नेमकं कशातून होतो, हे त्यालाच ठरवावं लागतं. मी तीन गोष्टी वेगळ्या करायला सांगते: स्पर्धा, ग्रेड आणि चढणं. तुमच्या डोक्यात त्यांची एकच मोळी बांधलेली आहे, म्हणून एक सोडायची म्हटली की तिन्ही जातील असं वाटतं. शेवटी शूज विकायचं लिहिलंत ना, ते त्यातूनच आलं.

स्पर्धा सोडणं तिन्हींत सोपं, कारण तिला तारीख असते. जपानच्या अकियो नोगुचीने टोकियो ऑलिंपिक ही आपली शेवटची स्पर्धा असेल हे आधीच सांगून ठेवलं होतं. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं, तशी तिची तारीखही पुढे गेली. बोल्डरिंग विश्वचषकाची चार एकूण विजेतेपदं नावावर असलेली ही बाई ६ ऑगस्ट २०२१ ला कांस्यपदक घेऊन थांबली. पदक मिळालं नसतं तरी त्या दिवशी ती थांबलीच असती, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

ग्रेड सोडणं त्याहून कठीण. काहींना सोडावी लागतच नाही. लिन हिल १९९२ च्या सुमारास स्पर्धांतून बाहेर पडली आणि एल कॅपिटनवरची 'नोज' ही रूट तिने १९९३ मध्ये फ्री केली (दोर फक्त पडलं तर झेलायला, चढणं निव्वळ हातापायांनी), पुढच्या वर्षी एका दिवसात केली. तोवर कोणालाच ते जमलं नव्हतं. किलियन फिशहुबर पाच विश्वचषक विजेतेपदांनंतर २०१४ मध्ये स्पर्धांतून थांबला आणि खडकावर चढत राहिला. क्रिस शर्माने २०२३ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, स्पेनमधल्या सिउरानात नवी ९बी उघडली. पण या उदाहरणांचा आधार घेताना जरा जपून. ज्यांचं पुढेही जमलं त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. ज्यांची बोटं खरंच संपली त्यांच्या गोष्टी कोणी छापत नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात ते तुमचं बोट ठरवेल, इच्छाशक्ती नाही.

क्रीडामानसशास्त्रात यावर जुनं काम आहे. ब्रिटन ब्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये खेळाडू म्हणून असलेली ओळख किती घट्ट आहे ते मोजायची प्रश्नावली मांडली. मांडणी अशी, की ही ओळख जितकी घट्ट तितका सरावाला जोर येतो, आणि दुखापतीत वा निवृत्तीत माणूस तितकाच मोडतो. म्हणजे ज्याने वर नेलं तेच खाली ओढतं. मी प्रश्नावली फारशी वापरत नाही, समोरच्याचं बोलणं ऐकते. तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंत. त्यात कुठेही मित्र नाही, घर नाही, क्लाइंबिंगबाहेरचं काम नाही. सगळी वाक्यं भिंतीबद्दल. विसरलात असेल, पण मी नोंद केली.

माझं स्वतःचं थांबणं वाईट झालं, तेही सांगते. मी काही जाहीर केलं नाही. एका हंगामानंतर पुढच्या निवड चाचणीचा फॉर्म भरला नाही, बस. वाटलं, कोणीतरी विचारेल. आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांचा फोनसुद्धा आला नाही. तो राग मला दोन वर्षं पुरला. खरं तर मीही कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण हे कळायला वेळ लागला. दोर, हार्नेस, शूज सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकलं आणि १४ महिने भिंतीला हात लावला नाही.

मग नुकतीच चढायला शिकलेली एक ओळखीची मुलगी मागे लागली, बिले द्यायला ये म्हणून. गेले. तिच्या तीन चढाया झाल्या आणि ती म्हणाली, तूही चढ ना. ६ए होती, टॉपरोपवर. आम्ही जिला वॉर्म-अपही म्हटलं नसतं अशी. तिसऱ्या होल्डवर माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. होल्ड बादलीच्या कडीएवढा होता, चार बोटं सहज आत जावीत असा, आणि माझा हात त्यावर क्रिम्प करत होता. बोटं मुडपून, अंगठा वरून दाबून, नखं पांढरी पडलेली. शेजारच्या दोरावर कोणीतरी उभं होतं आणि मला वाटलं त्याने मला ओळखलंय. मग मी वेग वाढवला, पावलं नेमकी टाकायला लागले, वर पोचेपर्यंत मान वळवली नाही. "बघ, हिला किती सोपं जातंय" असं त्याला वाटावं म्हणून. खाली आले तर तो माणूस पाठमोरा होता. त्याच्या हार्नेसची बकल अडकली होती आणि सगळा वेळ तो ती सोडवत होता.

१४ महिने मी निवृत्त होते म्हणे. त्या सबंध काळात एक दिवसही स्पर्धा थांबलेली नव्हती.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला जमेल न जमेल, पण सांगते. वर्षभर गाईडबुक घरी ठेवलं. जोडीदाराला सांगितलं, रूट तू निवड, ग्रेड मला सांगू नकोस. स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या खडकावर, जास्त वेळ घालवला, कारण तिथे माझा जुना विक्रम असा काही नव्हताच, तुलना करायला समोर कोणी नाही. पहिले काही महिने प्रत्येक रूटखाली उभं राहून मनात ग्रेडचा अंदाज चालायचा. तो कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. दोनेक वर्षं गेली असतील.

इथवरचं एकदा गोळा करते. भीती कोणती ते चाचणीने कळेल आणि तिचा निवृत्तीशी संबंध कमी आहे. निर्णय पोट भरलेलं असताना, भिंतीपासून दूर. आणि थांबायचं असेल तर तिन्हींतलं नेमकं काय थांबवतोय ते आधी ठरवायचं.

तर प्रत्यक्षात काय करायचं. पुढचे सहा आठवडे स्पर्धा नाही आणि निर्णयही नाही. त्यात वरची चाचणी, डॉक्टर, झोप. मग एका कागदावर एवढंच लिहा: पुढचा हंगाम खेळलो तर मला नेमकं काय मिळायला हवं? "अजून मजा येते", "रूट रचण्याची नवीन शैली मला जमते का बघायचंय", "एक फायनल हवी", काहीही चालेल. एकच उत्तर मला चालत नाही: "एक फायनल मिळाली की समाधानाने थांबेन." ही घासाघीस आहे. ती फायनल मिळालेले लोक मी पाहिलेत. ते थांबत नाहीत, पुढच्या फायनलची घासाघीस सुरू करतात.

खेळायचं ठरलं तर शेवटच्या स्पर्धेचं नाव आणि तारीख आत्ताच ठरवा आणि निदान तीन जणांना सांगा. मनात ठेवलेली तारीख सरकते. थांबायचं ठरलं तर माझ्यासारखं गुपचूप नको. समारंभाची गरज नाही, पण ज्यांनी तुम्हाला बिले दिला, ज्यांनी तुमच्यासाठी रूट सेट केल्या, त्यांना स्वतः फोन करून सांगा. ते तुम्हाला फोन करतील याची वाट बघू नका.

सराव एकदम तोडू नका. आठवड्याचे १५-२० तास अंग झिजवायची सवय असलेला माणूस अचानक शून्यावर आला तर झोप आणि मूड दोन्ही बिघडतात, आणि मग त्यालाच तो "निवृत्तीचं दुःख" समजतो. दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरवा. रिकाम्या होणाऱ्या तासांमध्ये आठवड्यातला एक तरी ठरलेला वेळ अशा माणसांसोबत जाऊ द्या ज्यांना ९ए म्हणजे काय हे माहीत नाही. सुरुवातीला कंटाळा येईल. येऊ द्या.

आणि पहिलं वर्षभर कोचिंग घेऊ नका. पैशांची निकड असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी नको. ताजा निवृत्त प्रशिक्षक शिष्याच्या अंगाने स्वतःच चढत असतो, आणि पोरं भरडली जातात. माझ्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांची मी नंतर माफी मागितली. रूटसेटिंग, म्हणजे भिंतीवर होल्ड बसवून रूट रचणं, त्या मानाने बरं. हात खडबडीत राहतात, डोकं चालतं, आणि टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या तरी आपल्याला काही तुटत नाही. हे माझं मत, सेटर मंडळी कदाचित हसतील.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, खाणं सुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याच दिवशी घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला सांगा. फाटलेल्या पुलीवर आपण "बघू, बरं होईल" म्हणत चढत राहत नाही. इथेही तसंच.

आता शूज. सगळे विकू नका, सगळे ठेवूही नका. स्पर्धेचे जोड, दोन साईझ लहान घेतलेले, ज्यांत बोटं दुमडून एकमेकांवर चढतात आणि जे प्रत्येक चढाईनंतर लगेच काढून टाच मोकळी करावी लागते, ते एखाद्या उगवत्या पोराला देऊन टाका. एक जोड सोल बदलून ठेवा, निर्णय काहीही होवो. आणि एक नवीन जोड घ्या, तुमच्या खऱ्या मापाचा, हवं तर आत मोजे घालता येतील असा. पहिल्या दिवशी तो चुकीचाच वाटेल. टाचेशी फट जाणवेल, बारीक होल्डवर अंगठा घसरतोय असं वाटेल, आणि दुकानात परत करायची इच्छा होईल. आठवडाभर वापरा. खाली उतरल्यावर तो काढायची घाई होत नाही. घालूनच उभं राहता येतं, दुसऱ्याला बिले देत.